मॉरिशसचा खाडा

बीडातल्या त्या कॉलेजात पर्यटन शाखा कशासाठी काढली, हे ती काढणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. जिथली निम्मी माणसं दसरा झाला की गाव सोडतात आणि उन्हाळा तापल्यावर परत येतात, तिथं पर्यटन वेगळं शिकवायची गरज ती काय? पण कुणाच्या तरी डोक्यात आलं, मंजुरी मिळाली आणि जिन्याखालच्या खोलीवर 'पर्यटन व आतिथ्य विभाग' अशी पाटी लागली. आत पृथ्वीचा एक गोल, तोही ऑस्ट्रेलियापाशी पोचा आलेला, भिंतीवर ताजमहालाचं जुनं कॅलेंडर आणि सतरा विद्यार्थी. तीन वर्षांत त्यांची अभ्याससहल दोनदा गावातल्याच कंकालेश्वराला आणि एकदा कपिलधारला गेली. दुसऱ्यांदा कंकालेश्वराला नेलं तेव्हा शिवकन्यानं विभागप्रमुखांना विचारलं होतं, "सर, मागच्या वर्षी देऊळ इथंच होतं का?" त्या प्रश्नापायी तिचे अंतर्गत परीक्षेतले पाच गुण गेले. गुण गेले, जीभ मात्र जागच्या जागी राहिली.

शिवकन्या नेकनूरच्या पुढच्या एका वस्तीवरची. आई वत्सलाबाई आणि वडील आदिनाथ, दोघं ऊसतोडीला जाणारे. दसऱ्यानंतर ट्रक यायचा, त्यात भांडीकुंडी, शेरडं, कोंबड्या आणि माणसं चढायची आणि सहा महिने परमुलखात फडाच्या कडेला खोपी टाकून राहायची. पाचवीपर्यंत शिवकन्याही त्याच ट्रकातून गेली. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करणं, मोळी बांधणं, कोसावरून पाणी आणणं आणि शेवटी कोयता, सगळं तिच्या हातांनी केलेलं. मग एका वर्षी वत्सलाबाईनं तिला हंगामी वसतिगृहात घातली आणि बजावलं, "पुन्यांदा कोयत्याला हात लावलास तर हात मोडून ठिवीन." आईनं सांगितलेल्या हजार गोष्टींतली शिवकन्यानं मनापासून पाळलेली ही एवढी एकच.

आणि यंदा भाद्रपदात रामहरी मुकादम दारात येऊन बसला. टोळीत माणसं भरायची, त्यांची हजेरी लिहायची आणि कारखान्याशी बोलणी करायची, हा त्याचा धंदा. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नसतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी मुकादमाच्या काही कामाचा नाही. त्याच्या टोळीत यंदा नेमका एक गडी बिनलग्नाचा होता.

"पोरगा लई चांगला हाय, वत्सला," बशीत चहा ओतत मुकादम म्हणाला. "सुपारीचं खांड बी खात न्हाई. दसऱ्याच्या आत उरकून टाकू. गाडीत जागा हायच."

"मुकादम, तुमी स्थळ आणलंय का कोयता जुळवाय आलाव?" शिवकन्यानं चुलीपासूनच विचारलं.

मुकादम हसला. "दोनी एकच की पोरी."

लाज वाटायला हवी होती मेल्याला, पण त्यानं बशी तोंडाला लावली आणि फुर्र करून चहा ओढला. आदिनाथ जमिनीकडं बघत बसला. वर्षानुवर्षं ज्याच्या गाडीत बसायचं त्याला तोंडावर नाही म्हणायची ताकद त्या बिचाऱ्यात नव्हती. बोलली ती वत्सलाबाई.

"तिच्या कालेजातून फारेनला पाठवणार हायत म्हणं. गाडी निघायच्या आदी तसा कागुद आला तर ती तिकडं जाईल. न्हाई आला तर बगू."

'बगू' म्हणजे काय, ते चौघांनाही कळलं. मुकादम उठताना खूश दिसला. वस्तीवरच्या पोरीला परदेशातून कागद येतोय, यावर त्याचा विश्वास बसायचं काही कारणच नव्हतं.

कागदाची भानगड अशी होती. विभागप्रमुख परमेश्वर सर, जे स्वतः शिर्डीच्या पलीकडं कधी गेले नव्हते, त्यांनी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेशी संधान बांधलं होतं. 'पर्यटनाच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिक्षण व कार्यानुभव संधी' असा बोर्ड त्यांनी फाटकावर टांगला. मॉरिशसचं एक मोठं हॉटेल, वर्षभर मुक्काम, आठवड्यातले चार दिवस काम, दोन दिवस तास आणि शेवटी प्रमाणपत्र. या कॉलेजाला जागा एकच. मुलाखत कॉम्प्युटरवर.

मुलाखतीची तयारी सरांनी आठवडाभर करून घेतली. तयारी कसली, घरचं झाकायची शिकवणीच म्हणा. "आई-वडील काय करतात विचारलं तर ऊसतोड हा शब्द ओठावर येता कामा नये. इमेज खराब होते. 'अ‍ॅग्रिकल्चर सेक्टर' म्हणायचं. लिहून घ्या." सतरातल्या अकरा जणांनी मान खाली घालून लिहून घेतलं. अकराही घरांत दाराआड कोयते टांगलेले होते.

तन्वीरचे अब्बा बसस्टँडच्या तोंडाशी गाड्यावर केळी विकायचे. त्यानं हात वर केला. "सर, आमचं काय सांगायचं?"

"फ्रूट एक्सपोर्ट."

"एक्सपोर्ट कुठं सर? बशीरगंजातून स्टँडपर्यंत?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांना खरंच ते बरोबर वाटत होतं, हीच तर वाईट गोष्ट.

मुलाखतीच्या दिवशी सगळे प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे, कारण नेट तेवढ्या एका खोलीत चालायचं. सरांनी सगळ्यांना टाय लावायला लावला होता. टाय तीनच, त्यामुळं आत गेलेला बाहेर आला की पुढच्याच्या गळ्यात. पडद्यावर हॉटेलच्या मॅडम होत्या. गोऱ्या नाहीत, काळ्या नाहीत, आपल्यातल्याच कुणासारख्या, पण इंग्रजी नाकातून. घाईत नव्हत्या, नीट ऐकून घेत होत्या. आणि त्यांच्यापुढं एकेक पोरगं येऊन तेच बोलत होतं, मला लोकांची सेवा करायला फार आवडतं. सेवा आवडते! यातल्या एकानंही घरात कधी स्वतःचं ताट उचललेलं नव्हतं.

शिवकन्याची पाळी आली. घरी कोण काय करतं, हे मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, "अ‍ॅग्रिकल्चर सेक्टर." स्वतःच्या तोंडाची तिला किळस आली, पण म्हणाली. टेबलाच्या बाजूला बसलेल्या सरांनी समाधानानं मान हलवली. आणि तेवढ्यात तिची नजर मॅडमच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथं मोठं चित्र होतं. हिरवागार ऊस, निळं आभाळ आणि पांढरा स्वच्छ झगा घातलेली एक हसरी बाई. तिनं कोयता डोक्याच्या वर धरलेला आणि दुसऱ्या हातात उभा ऊस, कमरेच्या उंचीवर पकडलेला. शिवकन्याच्या नाकातून फिस्सकन हसू आलं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

सरांनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिनं पाय काढून घेतला.

"मॅडम, ते मागचं चित्र चुकलंय. असा कमरेत ऊस तोडला तर मुकादम पहिल्याच दिवशी हाकलून देईल. ऊस बुडात तोडतात, अगदी मातीला लावून. गोडी सगळी बुडाला असते. वर राहिलेलं खोड म्हणजे कारखान्याचं नुकसान. आणि कोयता असा वर नेला तर खाली येताना स्वतःचाच पाय जाईल. पांढरा झगा तर राहूच द्या."

तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण राग आला की ती अडखळायची थांबायची. खाली वाकून, हातात नसलेला ऊस धरून तिनं तोडून दाखवला, पाचट काढलं, वाढे छाटले. टाय मध्ये आला तो खांद्यावर टाकला.

"तुला हे कसं माहीत?" मॅडम खुर्चीत पुढं आल्या होत्या.

"माझी आई तोडते. वडील तोडतात. मी पण तोडलाय."

परमेश्वर सरांनी कपाळाला हात लावला. चार दिवसांनी निरोप आला की निवड शिवकन्याची झाली आहे.

मग जो तमाशा झाला तो सांगायलाच हवा. आपल्याकडं माणूस कुठं निघाला की तो निघायच्या आत त्याचा सत्कार उरकतात. तिकीट नाही, व्हिसा नाही, सहीचा कागद अजून वाटेतच, आणि इकडं नेकनूरच्या स्टँडवर वीस फुटी फ्लेक्स चढला. 'ऊसतोड कामगाराची लेक निघाली मॉरिशसला!' आठवड्यापूर्वी ज्या माणसानं हा शब्द ओठावर येऊ नये म्हणून शिकवण्या घेतल्या, त्यानंच तो हातभर अक्षरांत छापून घेतला, खाली 'मार्गदर्शक' म्हणून स्वतःचा गॉगलवाला फोटो टाकला आणि छापून आल्यावर दोनदा बघायला गेला. शिवकन्याचा फोटो कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाकी जागेत चौदा शुभेच्छुक. त्यांतला सहावा रामहरी मुकादम, भगव्या फेट्यात, हात जोडलेला.

कॉलेजात शाल, नारळ, हार झाला. वत्सलाबाईला स्टेजवर बसवलं. कुणीतरी भाषणात तिला माता म्हणालं. ती शिवकन्याच्या कानात म्हणाली, "हे लोक मला मागच्या साली फी कमी करा म्हणलं तवा वळखत नव्हते गं." आणि नारळ पिशवीत टाकला.

सत्कारानंतर तिसऱ्या दिवशी कागद आले. सरांनी ते तिच्या हातात दिले ते शेवटचं पान उलगडूनच. "इथं सही कर. स्कॅन करून आजच पाठवतो."

"वाचून करते सर."

"अगं वाचायचं काय त्यात? सगळ्यांचं तसंच असतं."

"तुम्ही वाचलंय का?"

सरांनी घड्याळ बघितलं. शिवकन्यानं कागद पिशवीत घातले आणि चारची एसटी धरली.

घरी अंगणात तिनं ते उघडले. आदिनाथ कोयत्याला धार लावत होता, वत्सलाबाई गाडीत न्यायच्या ज्वारीला कडूनिंबाचा पाला लावत होती. कागद दोन होते. एक, पाठ करायचं भाषण. दुसरा, करार. शिवकन्या एकेक वाक्य वाचायची आणि मराठीत सांगायची.

भाषण पाहुण्यांसाठी होतं. हॉटेल म्हणे जुन्या ऊसमळ्यावर बांधलेलं. परदेशी पाहुणे सकाळी आणि संध्याकाळी मळा बघायला येणार, आणि शिवकन्यानं जुन्या काळचं लुगडं नेसून त्यांच्यासमोर कोयत्यानं ऊस तोडून दाखवायचा. रोज दोनदा.

वत्सलाबाईचा हात पाल्यात थांबला. "तोडून दाखवायचा? आन् ते काय करणार?"

"फोटो काढणार."

"आमी सारा जलम तोडला, कुतरं बगाया आलं न्हाई," वत्सलाबाई म्हणाली आणि इतकी हसली की आदिनाथही हसायला लागला. शिवकन्याला हसू आलं नाही. कोयत्यापासून सुटायला म्हणून तिनं तीन वर्षं एसटीचे धक्के खाल्ले, रात्रंदिवस इंग्रजीशी झटली, आणि समुद्र ओलांडून मिळालं काय तर लुगडं आणि कोयता. तिनं भाषणाचं पान तीन काढलं आणि वाचलं.

"'जुन्या काळी इथल्या मजुरांचे फार हाल होत. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर मालक त्याची दोन दिवसांची मजुरी कापत असे. तो दुष्ट काळ आता इतिहासजमा झाला आहे.' इथं थोडं थांबायचं म्हणून लिहिलंय. पाहुणे हळवे होतात म्हणं."

"जुन्या काळी?" वत्सलाबाईनं विचारलं. "म्हंजी कंदी? मागच्या हंगामात का?"

कारण तिच्या टोळीत त्याला खाडा म्हणत. ताप येवो, मयत होवो, एक दिवस फडात उतरलं नाही की मुकादम वही काढायचा आणि दोन दिवसांचं काम कापायचा.

शिवकन्यानं करार उघडला. पहिली दहा पानं राहणं, जेवण, गणवेश, शिस्त. पान अकरावर बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते तिनं एकदा मनात वाचलं, परत वाचलं आणि मग आईला सांगितलं.

"'आजारपण किंवा इतर कोणत्याही कारणानं विद्यार्थी एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा भत्ता कापला जाईल.'"

आदिनाथनं कोयता खाली ठेवला.

"खाडा की गं ह्यो," वत्सलाबाई म्हणाली. मग पाला बाजूला सारून नीट बसली. "तुला कदी सांगितलं न्हाई. तू फडात झालीस त्या दिशी सकाळी चार मोळ्या बांधल्या व्हत्या म्या. मग पोटात कळ आली, खोपीत गेले. दुपारी तू झालीस. त्यो दिवस न्हाई धरला मुकादमानं. पुढचे तीन बी न्हाई. चार दिसाचे आठ कापले. तुज्या बापानं सगळ्या टोळीला साखर वाटली, ती त्यानं बी खाल्ली, बोटं चाटली आन् मग वही काढली."

"कोण होता मुकादम?"

"ह्योच की. रामहरी."

वीस फुटी फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला रामहरी. शिवकन्याचं डोकं भणाणून गेलं. ती उठली, कागद चुलीत घालायला निघाली. वत्सलाबाईनं तिचा हात धरला, चांगला घट्ट.

"चुलीत कावून? तुला इंग्रजी येतंय न्हवं? मग त्या बाईला इचार की. मुकादमाला इचारायची माजी कदी छाती झाली न्हाई, मला त्याच्याच गाडीत बसायचं असतंय. तुला कुनाच्या गाडीत बसायचंय? का नुस्तं त्या सरला टोमणे मारायलाच शिकलीस?"

टोमणा वर्मी लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं की मॅडमशी बोलायचंय, त्याशिवाय सही नाही. सरांचा चेहरा उतरला. "शिवकन्या, संधी आहे ही. संधीला प्रश्न विचारत नसतात. फ्लेक्स लागलाय तुझा! लोकांना काय तोंड दाखवू मी?" ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली. शेवटी सरांनीच कॉल लावला आणि मागं उभे राहिले, हात चोळत.

मॅडम हसून बोलल्या. शिवकन्यानं आधी कोयत्याचं काढलं. "मॅडम, मी नाचणाऱ्या माकडासारखी तोडून दाखवणार नाही. कोयता पाहुण्यांच्या हातात द्या. मी बांधावर उभी राहून शिकवीन. एक मोळी बांधून डोक्यावर घेतली की त्यांना कळेल काय असतं ते. मग मी सांगायची गरजच पडणार नाही."

मॅडमना ते भलतंच पटलं. पाहुण्यांना असंच काहीतरी हवं असतं म्हणाल्या, त्याचे वेगळे पैसे लावता येतील म्हणाल्या. शिवकन्या मनात म्हणाली, घाम गाळायचे पैसे मोजणारी माणसं असतात तर जगात.

"आणि दुसरं, पान अकरा."

"ते नियम आहेत. सगळ्या विद्यार्थ्यांना सारखेच," मॅडमचा आवाज गार झाला. "कंपनीचे वकील ठरवतात."

"पान तीन कोण ठरवतं?"

"म्हणजे?"

शिवकन्यानं पान तीन मोठ्यानं वाचलं, जिथं थांबायचं तिथं थांबलीसुद्धा. मग लगेच पान अकरा वाचलं. "मॅडम, मी रोज दोनदा पाहुण्यांना सांगायचं की हा दुष्ट काळ संपला. त्यांनी डोळे पुसायचे. आणि त्याच दिवशी मला ताप आला तर तुम्ही माझे दोन दिवस कापायचे? माझ्या जन्माच्या दिवशी माझ्या आईचा खाडा पडला होता. खाडा म्हणजे हेच, एका दिवसाला दोन कापणं. शब्द आमचा आहे, तुमच्या भाषणात घाला हवा तर. पण तो माझ्यावर चालवणार असाल तर मला यायचं नाही."

पडद्यावर बराच वेळ काही हललं नाही. सरांना वाटलं नेट गेलं, त्यांनी वायर हलवून बघितली. मग मॅडम म्हणाल्या, "विचारून कळवते," आणि पडदा काळा झाला.

"घालवलीस," परमेश्वर सर खुर्चीत बसत म्हणाले. "वीस वर्षांत पहिली संधी आली होती या कॉलेजला. जीभ तुझी, जीभ!" संध्याकाळी त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन करून विचारलं की कोपऱ्यातल्या फोटोवर दुसरा चिकटवता येतो का, आणि तन्वीरकडं पासपोर्ट साइझचा फोटो मागितला. तन्वीरनं तो दिला नाही. "आधी पान अकरा दाखवा सर," म्हणाला.

पंधरा दिवस काही आलं नाही. दसरा झाला. रामहरी मुकादमाच्या कानावर सगळं गेलंच होतं, तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "फारेनवाल्यांशी भांडलीस म्हणं. आता काय? पोरगा कवर थांबंल?" आदिनाथ म्हणाला, "गाडी निगूस्तवर." एवढं बोलायलाही त्याला उभं राहावं लागलं. शिवकन्या रोज एसटीनं जायची, रोज प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहायची, रोज परत यायची. आपण चुकलो का, हा प्रश्न येता-जाता तिच्या शेजारच्या सीटवर बसलेला असायचा. मॅडमला दोन पानं वाचून दाखवली तेव्हा लई बरं वाटलं होतं. आता परतीच्या एसटीत ती तीच दोन पानं पुन्हा पुन्हा काढून वाचायची.

गाडी निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, प्रिंटरमधून एक पान बाहेर आलं. तेच पान अकरा. बारीक अक्षरातल्या त्या ओळीवर पेनानं आडवी, सरळ रेघ मारलेली, कडेला सही, शिक्का, तारीख. खाली मॅडमनी हातानं लिहिलं होतं की ही ओळ यंदा कुठल्याच विद्यार्थ्याला लागू नाही. परमेश्वर सर पान बघून म्हणाले, "मी सांगतच होतो, विचारायला हरकत नसते." मागं उभा असलेला तन्वीर पोट धरून हसला. शिवकन्यानं सही केली, आणि त्या एका पानाची झेरॉक्स काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक वस्तीवर आला. भांडी चढली, शेरडं चढली. रामहरी मुकादम वही घेऊन फळीशी उभा, अंगठा जिभेला लावून पानं उलटत कोयते मोजत होता. बिनलग्नाच्या गड्याची सोय त्यानं केलीच होती. ट्रकात, पुढच्या कोपऱ्यात, गाठोड्याला टेकून, हिरवा चुडा भरलेली अंजू बसली होती. शेजारच्या वस्तीवरची, अकरावीत नाव होतं तिचं. चार दिवसांपूर्वी त्या गड्याशी लग्न लागलेलं. हातावरची हळदसुद्धा अजून गेली नव्हती. त्या कोपऱ्यात आपण बसलो असतो, हे शिवकन्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"नाव काढलंस पोरी," मुकादम म्हणाला. "आमच्या टोळीची पोरगी इमानात बसणार."

शिवकन्यानं ती झेरॉक्स त्याच्या वहीवर ठेवली. "मुकादम, त्यांनी आजारपणाचा खाडा काढून टाकला. ही बघा रेघ. एवढं मोठं हॉटेल हाय, त्यांना जमलं. तुमच्या वहीत मारता का एक?"

मुकादमानं कागद उलटसुलट करून बघितला. राग नाही आला त्याला, हसूच आलं. "ते फारेन हाय बाई. हितं तसं न्हाई चालत." आणि कागद तिच्या हातात परत देऊन त्यानं पुढचा कोयता मोजला. "आदिनाथ आन् वत्सला, एक."

समुद्रापलीकडच्या वकिलांनी ऐकलं होतं, आणि हा हातभर अंतरावर उभा असलेला माणूस ऐकत नव्हता. शिवकन्याचे डोळे रागानं भरून आले. ओठावर आलेली शिवी बाहेर पडणार तेवढ्यात वत्सलाबाईनं तिच्या हातातून तो कागद काढून घेतला.

"दे हिकडं. मी नेते."

"माय, इंग्रजी हाय ते. तुला तर मराठी बी वाचता येत न्हाई."

"रेघ तर दिसती न्हवं. खाली मराठीत लिवून दे, मोठ्या अक्षरात."

शिवकन्यानं मुकादमाच्याच खिशातला पेन ओढून घेतला आणि ट्रकच्या फळीवर कागद टेकवून लिहिलं: आजारी पडलं तर खाडा नाही. वत्सलाबाईनं कागदाची घडी केली, पदर खोचला आणि चाकावर पाय देऊन ट्रकात चढली. शिवकन्याला जवळ घेणं वगैरे काही केलं नाही. वरून एवढंच म्हणाली, "तिकडं कोयता पावण्यांच्या हातात दे, तू धरू नको."

इंजिन सुरू झालं. मुकादम केबिनमध्ये जाऊन बसला, काच खाली करून. वत्सलाबाई गाठोडी ओलांडत कोपऱ्यात गेली, अंजूच्या शेजारी बसली आणि घडी उलगडून कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"अकरावीला व्हतीस ना गं? वाच हे," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. फुडं केबिनीत ऐकू गेलं पायजे."